आमच्या वर्गातला शायलॉक

माझ्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. पुण्याहून गाडी सुटली की समोरचे गृहस्थ ते आडनाव ऐकतात, माझ्या डब्यातली थालीपिठे पाहतात, आणि दौंड येण्याच्या आत केव्हातरी खाकरून विचारतात, "म्हणजे आपण मूळचे कोकणातले?"

"होय. अलिबागकडचे."

गृहस्थ जरा पुढे सरकून बसतात. "कोकणस्थ का?" मी नाही म्हणतो. "मग सारस्वत?" तेही नाही. आणखी दोन-तीन जाती होऊन जातात आणि अखेर त्यांची दया येऊन मी सांगून टाकतो, "मी ज्यू आहे."

यानंतर डब्यात जी शांतता पसरते, तिची मला पन्नास-साठ वर्षांची सवय आहे. ती शांतता रागाची नसते, तिरस्काराची तर नाहीच. ती निव्वळ अचंब्याची असते. थोड्या वेळाने गृहस्थ म्हणतात, "पण मराठी काय छान बोलता हो तुम्ही!" मी काय सांगणार? दुसरी कुठली भाषा मला धड येतच नाही.

आमच्या जमातीचे नाव बेने इस्राएल. आमची आख्यायिका अशी, की फार पूर्वी कुलाब्याच्या किनाऱ्यावर नवगावजवळ एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. पुढे ती मंडळी कोकणातल्या गावोगाव पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली, आणि गावांची नावे आडनावे म्हणून लावू लागली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून लोक म्हणत 'शनिवार तेली'. सिनेगॉगला आमची जुनी माणसे 'मशीद'च म्हणत. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. आमच्या घरी त्याची जीर्ण प्रत होती आणि तिला हात लावण्याआधी आई आम्हाला हात धुवायला लावी.

हे सगळे सांगायचे कारण एवढेच, की आमच्याविषयी बोलताना जे एक वाक्य हमखास बोलले जाते, ते अगदी खरे आहे. जगात ज्यूंचा ठिकठिकाणी छळ झाला, पण हिंदुस्थानात आमच्या शेजाऱ्यांनी आमचा छळ केला नाही. मी स्वतः हे वाक्य शेकडो वेळा बोललो आहे. परंतु खऱ्या वाक्याच्या आडोशालाही पुष्कळ गोष्टी लपून बसतात, हे मला फार उशिरा कळले.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. आमच्यातले पुष्कळ लोक त्या काळी रेल्वेत, टपालात नाही तर लष्करात असत. बदली होऊन ते दौंडला आले तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. दौंड म्हणजे जंक्शन. मनमाडची गाडी येथूनच फुटते. रेल्वेच्या चाळींत तेव्हा सगळा हिंदुस्थान राहत असे. मद्रासी ड्रायव्हर, अँग्लो-इंडियन मेकॅनिक, पंजाबी टी. सी. आणि आम्ही. शुक्रवारी संध्याकाळी आई दिवा लावी आणि शेजारच्या काकू आपल्या घरात शुक्रवारचे हळदीकुंकू करीत. दोघींना वाटे, आपण एकच काहीतरी करीत आहोत.

शाळेत मात्र एक दिवस विपरीत घडले. इयत्ता आठवी किंवा नववी असेल. इंग्रजीच्या तासाला 'मर्चंट ऑफ व्हेनिस'ची गोष्ट आली. शिक्षक रंगून शिकवणारे होते. खांदे पाडून, हात चोळत, सुरी पाजळत त्यांनी शायलॉक असा काही उभा केला, की वर्ग थरारून गेला. शेवटी ते म्हणाले, "असा हा लोभी ज्यू!" आणि चाळीस माना वळून माझ्याकडे पाहू लागल्या.

तोवर मी ज्यू आहे हे वर्गाला ठाऊक होते. पण ज्यू म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्या तासाला ते कळले. त्या दिवसापासून मॅट्रिक होईपर्यंत मी 'शायलॉक'. गोट्या खेळताना शायलॉक, क्रिकेटमध्ये शायलॉक, दोन आणे उसने मागितले तर "व्याज किती रे शायलॉक?" त्यात कोणाच्याही मनात विष नव्हते. त्यातले दोघे आजही माझे जिवलग मित्र आहेत आणि फोनवर अजून त्याच नावाने हाक मारतात. मी हसतो. पण वडिलांना मी ते नाव कधी सांगितले नाही. का सांगितले नाही, याचा विचार मी साठी उलटल्यावर केला.

पुढे मी स्वतः मास्तर झालो. इतिहास आणि इंग्रजी हे माझे विषय, आणि नोकरीचा बहुतेक काळ शिरूर तालुक्यात गेला. शिरूर म्हणजे जुन्या माणसांचे घोडनदी. येथे शिकवताना मला शायलॉकचे एक उत्तर सापडले आणि ते मी दरवर्षी वर्गाला देत असे. मी विचारी, "मुलांनो, आपल्या तालुक्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या कधी जाळल्या?" 1875 च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात जो दंगा उसळला, तो पाहता पाहता भीमथडी, शिरूर, इंदापूर या तालुक्यांत पसरला. आजचे दौंड त्याच जुन्या भीमथडीत मोडत असे. कर्जरोखे आणि खातेवह्या लोकांनी चौकात आणून जाळल्या. आता त्या सावकारांत ज्यू किती? एकही नाही. ते मारवाडी आणि गुजर. आमचे लोक तेव्हा तेल गाळीत होते, नाही तर पलटणीत कवायत करीत होते. मग युरोपातच ज्यू सावकार का झाला? कारण तेथे बहुतेक ठिकाणी त्याला जमीन घेऊ देत नव्हते, कारागिरांच्या संघांत शिरू देत नव्हते. आणि ख्रिस्ती माणसाने व्याज घेणे धर्माला मंजूर नव्हते. जे काम कोणाला करायचे नव्हते ते त्याच्या गळ्यात बांधले, आणि ते केल्याबद्दल त्यालाच शिव्या दिल्या.

याहून मौजेची गोष्ट पुढे आहे. इंग्लंडातून ज्यूंना 1290 साली हाकलून दिले होते. शेक्सपियरने हे नाटक लिहिले त्यानंतर तीनशे वर्षांनी. म्हणजे ज्या प्रेक्षकांनी शायलॉकला शिट्ट्या घातल्या, त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात उघडपणे ज्यू म्हणवणारा एकही माणूस पाहिला नव्हता. अगदी आमच्या दौंडच्या वर्गासारखेच! फरक इतकाच, की दौंडच्या वर्गात एक होता. आणि तो तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

असो. निवृत्त होऊन मी पुण्याला रास्ता पेठेत राहायला आलो. तेथे 1921 साली बांधलेले आमचे सिनेगॉग आहे. आता आमची संख्या इतकी रोडावली आहे, की प्रार्थनेला दहा पुरुष जमवताना कधीकधी टेलिफोन करावे लागतात. बहुतेक कुटुंबे 1948 नंतर इस्राएलला गेली. माझे काकाही गेले. गंमत पाहा, येथे ज्यांना कोणी कमी लेखले नाही, त्यांनाच तेथील धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत विचारले, तुम्ही पूर्ण ज्यू कशावरून? आमच्या लोकांनी त्याविरुद्ध चळवळ केली, धरणे धरले, आणि 1964 साली तेथील संसदेला ठराव करून सांगावे लागले, की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. काकांनी त्या धरण्याविषयी वडिलांना पत्र लिहिले होते. ते पत्र अर्थातच मराठीत होते.

2016 साली दौंडच्या एका जुन्या शेजाऱ्यांकडे मुंजीला गेलो होतो. जूनमध्येच महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला होता आणि त्याबद्दल यजमान माझे अभिनंदन करीत होते. तेवढ्यात त्यांचा नातू एक फोटो घेऊन आला. शाळेच्या संमेलनात विविध वेशभूषा स्पर्धेत त्याला पहिले बक्षीस मिळाले होते. खाकी सदरा, दंडावर लाल पट्टी, नाकाखाली काजळाने काढलेली चौकोनी मिशी. आजोबा कौतुकाने म्हणाले, "हिटलर! अगदी हुबेहूब केला होता बघा. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला."

ते मुद्दाम बोलले नाहीत हे मी शपथेवर सांगतो. माझे आणि त्या चित्राचे काही नाते असेल हे त्यांच्या ध्यानीही आले नाही. मी "वा" म्हणालो आणि जिलबीचे ताट खाली ठेवले.

परतीच्या गाडीची वाट पाहताना फलाटावरच्या पुस्तकांच्या स्टॉलकडे लक्ष गेले. हिटलरच्या आत्मचरित्राचे मराठी भाषांतर व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांच्या रांगेत मांडले होते. विक्रेत्याला विचारले, कोण घेतो हे? तो म्हणाला, "कॉलेजची पोरं. एमपीएससीवाले पण. जिद्द येते म्हणतात." आमच्याकडे वि. ग. कानिटकरांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' घरोघर वाचले गेले आहे. पण वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या लक्षात उदय राहतो, अस्त आणि भस्मासुर दोन्ही विसरले जातात, याला लेखक काय करणार?

याआधीही असे प्रकार झाले होते. 2006 च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाचे एक उपाहारगृह निघाले होते. आत त्याची भव्य तसबीर. मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केला, मालकाशी बोलणी केली, आणि काही दिवसांतच मालकाने नाव बदलण्याचे मान्य केले. त्याचे म्हणणे असे, की कोणाला दुखवावे हा हेतू नव्हता, नाव लक्षात राहावे इतकेच. मला ते खरे वाटते. आणि खरे वाटते म्हणूनच अधिक काळजी वाटते. द्वेष करणाऱ्याशी भांडता येते. ज्याला ठाऊकच नाही त्याच्याशी कसे भांडणार? त्याच्याकडे जाऊन बसावे लागते.

तर आम्ही बसायचे ठरवले. 'आम्ही' म्हणजे रास्ता पेठेतली पाच माणसे. मी, माझी पत्नी, टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, कॉलेजात जाणारी एक मुलगी, आणि ऐंशीच्या घरातल्या एक निवृत्त परिचारिका, ज्यांना सगळे आजीच म्हणतात. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या ओळखीच्या मुख्याध्यापकांना पत्रे लिहिली, की एक तास द्या. दहांपैकी चौघांनी दिला.

पहिला कार्यक्रम साफ पडला. दोष माझा. मी मास्तर, मी व्याख्यान दिले. साठ लाख ज्यू मारले, त्यांत सुमारे पंधरा लाख मुले. फळ्यावर आकडे लिहिले. मुले शांत बसली होती. मला वाटले, हेलावली. शेवटी प्रश्न विचारा म्हटले तर एक चुणचुणीत मुलगा उभा राहिला. "सर, पण हिटलर देशभक्त होता ना? आणि त्याने नेताजींना मदत केली."

हा प्रश्न पुढे प्रत्येक शाळेत आला आणि त्याचे उत्तर मी हळूहळू शिकलो. त्याच आत्मचरित्रात हिटलरने लिहिले आहे, की हिंदुस्थान दुसऱ्या कोणाच्या ताब्यात जाण्यापेक्षा इंग्रजांच्या ताब्यात असलेला बरा. नेताजींनी 29 मे 1942 रोजी त्याची भेट घेतली, तेव्हा त्या पुस्तकातल्या हिंदुस्थानविषयीच्या मजकुराचा विषय काढला. हिटलरने तो टोलवला. हे सांगितले की वर्गात चुळबूळ होते. साठ लाखांच्या आकड्याने जी झाली नाही, ती या एका गोष्टीने होते. मला सुरुवातीला याचे वाईट वाटे. आता वाटत नाही. मूल आपल्या अंगणातून बाहेर पडते, ते फाटकातूनच पडणार.

आजींनी मात्र हे न शिकवता ओळखले होते. दुसऱ्या शाळेत, शिरूरकडे, त्या म्हणाल्या, "तू गप्प बस आता." नऊवारी नेसून, पिशवी घेऊन त्या पुढे झाल्या. पिशवीत आमच्या नव्या वर्षाला करतात तो चिकाचा हलवा होता. गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध. आमच्यात मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून गायी-म्हशीच्या दुधाचे काम नारळाकडे. मुलांच्या हातांवर वड्या ठेवता ठेवता त्यांनी विचारले, "तुमच्या गावाबाहेर कधी माणसं झोपड्या बांधून राहिली होती, असं आजी-पणजीकडून ऐकलंय का कोणी?" दोन हात वर झाले. प्लेग!

मग त्यांनी हाफकिनची गोष्ट सांगितली. ओडेसात जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ. रशियात त्याला सांगितले, धर्म बदल, म्हणजे वरची जागा देतो. त्याने नकार दिला. पॅरिसला गेला, तेथून 1893 साली पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आला. मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत बसून लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. "माझ्या आजीला ती लस टोचली होती," आजी म्हणाल्या. "म्हणून मी तुमच्यापुढे उभी आहे." पुढे 1902 साली पंजाबात मुलकोवाल गावी लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. खापर हाफकिनवर फुटले, त्याला कामावरून दूर केले. खरा दोष त्या गावी बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीपणाचा होता. तो निर्दोष ठरायला 1907 साल उजाडले. फ्रान्समध्ये ड्रायफस नावाच्या ज्यू कप्तानावर जे कुभांड रचले होते, त्याच्याशी लोकांनी या प्रकरणाची तुलना केली. परळच्या प्रयोगशाळेला 1925 साली त्याचे नाव दिले गेले, पण तोवर तो हिंदुस्थान सोडून गेला होता.

एका मुलीने तोंडात वडी असतानाच विचारले, "आजी, तुमच्या देवळाला पोलीस का असतात?" ती पुण्याला लाल देवळावरून गेली होती. आजींनी 2008 सालच्या नोव्हेंबरची, मुंबईच्या नरिमन हाऊसची हकीकत सांगितली. तेथले रब्बी आणि त्यांच्या पत्नी मारले गेले; दोन वर्षांच्या मोशेला सँड्रा सॅम्युएल या त्याच्या दाईने उचलून बाहेर आणले. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आकडे लिहायला मी खडू हातात घेतला होता, तो तसाच खिशात टाकला.

सगळे प्रश्न इतके सोपे नसतात. 2023 च्या हिवाळ्यात दौंडच्या एका शाळेत एक मुसलमान मुलगा उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "गाझात रोज मुलं मरतायत. तुम्ही का मारता?" मुख्याध्यापक त्याला खाली बसवू लागले. मी म्हटले, असू द्या. मी त्याला सांगितले, की मेलेल्या कोणत्याही मुलाबद्दल तुझ्याइतकेच मलाही वाईट वाटते. तेथे ऑक्टोबरात मारली गेलेली ज्यू मुलेही त्यात आली. पण 'तुम्ही' म्हणू नकोस. मी दौंडच्या रेल्वे चाळीत वाढलो. परदेशात कोणी काही केले आणि त्याचा जाब तुला विचारला, तर तुला कसे वाटेल? तो म्हणाला, "विचारतात ना, सर." आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प राहिलो. मग मी त्याला मुंबईच्या माझगावातल्या आमच्या शाळेविषयी सांगितले. 1875 साली बेने इस्राएल मुलांसाठी निघालेली ही शाळा पुढे एली कदूरी यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या आणि 1905 साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन यांनी ती अनेक वर्षे चालवली. आज तेथे शिकणारी बहुतेक मुले मुसलमान आहेत. त्याचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. पण जाताना त्याने आजींची पिशवी फाटकापर्यंत आणून दिली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती सांगतो. ती मी आजवर टाळत होतो.

2018 साली शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत आमचा कार्यक्रम रंगला होता. मी शायलॉकची हकीकत सांगत होतो. एकाने कोणीतरी तुमच्याविषयी वाईट लिहून ठेवायचे, आणि तुम्हाला कधी न पाहिलेल्यांनी ते खरे मानायचे, हे केवढे अन्यायाचे वगैरे. सगळ्यांत मागच्या बाकावर एक मुलगी एकटी बसली होती. ती हात वर न करताच बोलली, "आमालाबी तसंच म्हंत्यात. काय हरवलं की पयलं माजंच दप्तर." वर्ग हसला. शेजारचे शिक्षक माझ्या कानात पुटपुटले, "पारध्यांची आहे ती."

मला घाम फुटला, याचे कारण तिला ठाऊक असणे शक्य नव्हते.

1987 साली मी याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका शाळेत पाचवीचा वर्गशिक्षक होतो. सहलीचे जमलेले चाळीस रुपये टेबलावरून नाहीसे झाले. वर्गात एक पारध्याचा मुलगा नवा आला होता. गावाबाहेर त्यांचे पाल होते. मी कोणालाही काही विचारले नाही. सरळ त्याच्याकडे बोट केले आणि म्हणालो, "खिसे उलटे कर." त्याने केले. एका खिशातून गोफणीचा दगड निघाला, दुसऱ्यातून अर्धी भाकरी. दुपारी हजेरीपट उघडला तर चाळीस रुपये त्यात. मी कोणाला बोललो नाही. उद्या त्याला काहीतरी खाऊ देऊ, असे मनाशी ठरवले. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी मी पालावर गेलो, तर तेथे चुलीचे तीन दगड होते.

ज्याला वर्गाने शायलॉक म्हटले, त्यानेच हे केले. मी वाचलेले होते, मला सगळे ठाऊक होते. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. हे मी परीक्षेत पाच गुणांना विचारीत असे. जर्मनांनी ज्यूंबरोबर जिप्सींनाही छावण्यांत घातले, तेही शिकवीत असे. तरी चाळीस रुपये हरवल्याबरोबर माझे बोट जायचे तिकडेच गेले.

त्या मुलीसमोर, त्या वर्गासमोर मी ही हकीकत सांगितली. माझ्या पत्नीनेही ती प्रथमच ऐकली. सांगून झाल्यावर मुलगी म्हणाली, "मग त्याला सांगितलं का, पैशे घावले म्हनून?" मी नाही म्हटले. ती काही बोलली नाही. खिडकीबाहेर पाहू लागली.

त्यानंतर आमचा कार्यक्रम बदलला. मी शिरूर तालुक्यातल्या पारधी वस्तीवर गेलो. पहिल्या खेपेला त्यांनी मला पोलिसांचा माणूस समजून चहासुद्धा दिला नाही, आणि ते योग्यच होते. चौथ्या खेपेला दोन बायका आमच्याबरोबर शाळेत यायला तयार झाल्या. आजी आणि त्या शेजारी शेजारी बसतात. आजी शनिवार तेल्यांचे सांगतात; त्या सांगतात, रात्री पोलिसांची गाडी आली की पोरे कशी उसात लपतात. या तालुक्यात त्या समाजातल्या सुनीता भोसले यांनी अशा छळाविरुद्ध वर्षानुवर्षे काम केले आहे. त्यांचे 'विंचवाचं तेल' हे आत्मकथन मी त्यानंतर वाचले. एका रात्रीत वाचून काढले, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला तीन आठवडे लागले.

मुख्याध्यापकांकडे आम्ही आता दोनच मागण्या ठेवतो. वेशभूषेच्या स्पर्धेत कोणी हिटलर झाला, तर त्याला बक्षीस देऊ नका आणि रागावूही नका. तो कोण होता, हे त्यालाच शोधून वर्गाला सांगायला लावा. आणि वर्गात काही हरवले, तर कोणाचेही दप्तर झडण्याआधी शिक्षकाने आपले टेबल, आपला हजेरीपट आणि आपले खिसे पाहावेत. पहिली मागणी चटकन मान्य होते. दुसरीला वेळ लागतो. एक मुख्याध्यापक म्हणाले, "सर, ज्यूंचं ठीक आहे हो, पण ह्यांचं तुम्हाला माहीत नाही." मी म्हणालो, मला माहीत आहे, आणि त्यांना 1987 ची हकीकत सांगितली. त्या शाळेने अजून होकार दिलेला नाही. दिवाळीची सुट्टी संपली की आम्ही पुन्हा जाणार आहोत. आजींनी गव्हाचा चीक काढायला आतापासून माणूस पाहून ठेवला आहे.

दौंडच्या माझ्या शेजाऱ्यांचा नातू आता इंजिनियरिंगला आहे. मध्ये त्याने फोन करून विचारले, "काका, तो फोटो मी काढून टाकला, चालेल ना?" मी म्हटले, ठेव, पुढे तुझ्या मुलांना दाखवायला लागेल.

आणि तो पाचवीतला मुलगा आज पन्नाशीच्या आसपास असेल. शिरूरच्या एस. टी. स्टँडवर बसची वाट पाहताना, टोपी-उपरणेवाल्या गर्दीत त्या वयाचा एखादा माणूस दिसला की मी निरखून पाहतो. त्याचे नाव मला पक्के आठवते. परवा एकाला त्या नावाने हाक मारून पाहिली. त्याने वळूनसुद्धा पाहिले नाही.